लंघन माणसाचं, जीव मांजराचा

ज्या घरातल्या मांजराला मधुमेह झाला आहे, त्या घराला सल्ल्यांची ददात कधी पडत नाही. मांजराला जुलाब लागले की सोसायटीतलं कोणीतरी सांगतं, दोन दिवस काहीच देऊ नका, पोट आपोआप ताळ्यावर येतं. दुसरं कोणी म्हणतं, मग दहीभातावर ठेवा, हलका असतो. तिसरे गृहस्थ स्वतः कित्येक वर्षं शुगरच्या गोळ्या घेत असतात. ते भातालाही नाक मुरडतात आणि नाचणीची पेज सुचवतात, तंतू असतात म्हणून. शिवाय चिकन बंद करा, शुगरवाल्याला जड पडतं, हे वर. ही माणसं प्रेमाने बोलतात, आणि त्यांच्या स्वतःच्या पोटापुरतं त्यांचं म्हणणं बहुधा बरोबरही असतं. मांजराच्या बाबतीत मात्र ते मुळापासून चुकीचं आहे. चुकीचं आणि निरुपद्रवी असतं तर मी हा लेख लिहिला नसता. या सल्ल्यातला निदान एक भाग मधुमेही मांजराचा जीव घेऊ शकतो, आणि तो भाग सगळ्यांत साळसूद दिसणारा आहे: लंघन.

लंघन हेच परम औषध, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. धडधाकट माणसाने एक दिवस उपास केला तर बिघडत काहीच नाही. मांजराचं शरीर या सोयीने बांधलेलं नाही. खाल्लेल्या प्रथिनांपासून साखर बनवण्याचं काम त्याचं यकृत सतत करत असतं, आणि अन्न आलं नाही म्हणून ते काम कमी करण्याची मुभा त्याला फार थोडी असते. खायला काही नसलं की ते स्वतःच्या स्नायूंना हात घालतं. मांजर लठ्ठ असेल, आणि मधुमेही मांजरं पुष्कळदा लठ्ठ असतात किंवा काल-परवापर्यंत होती, तर साठलेली चरबी मोठ्या प्रमाणात यकृताकडे धावते आणि तिथेच अडकून बसते. यकृतात अशी चरबी भरून मांजर पिवळं पडायला काही दिवसांची उपासमार पुरते. मग गळ्यातून नळी घालून कित्येक आठवडे अन्न भरवावं लागतं. हे झालं कुठल्याही लठ्ठ मांजराचं. मधुमेही मांजराच्या बाबतीत त्यात दुसरं संकट मिसळतं. इन्सुलिन अपुरं आणि खाणं बंद, अशा वेळी शरीर चरबी जाळून कीटोन तयार करतं, रक्त आम्लधर्मी होतं, मांजर ओकू लागतं, आणि ओकतंय म्हणून घरातले त्याला आणखी उपाशी ठेवतात. हे चक्र घराघरांत चालतं आणि त्याला नाव मिळतं ‘पोटाला विश्रांती’.

यावर जुन्या वळणाचे काही जण म्हणतील की पूर्वी पशुवैद्यही स्वादुपिंडाला सूज आली की तोंडाने काही द्यायचं नाही असंच सांगत. बरोबर, सांगत. आता सांगत नाहीत. आता आधी मळमळ थांबवण्याचं औषध देतात, वेदना कमी करतात, सलाईनने पाण्याची तूट भरून काढतात आणि होईल तितक्या लवकर खायला घालतात. कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज आली की स्निग्ध पदार्थ तोडायला सांगतात. तोच नियम मांजराला लावून चरबी नसलेली चिकनची कोरडी छाती उकडून घालणारेही पुष्कळ आहेत. मांजरांत चरबी तोडल्याने फायदा होतो असा पुरावा नाही. उलट चरबी काढली की चव जाते, आणि चव गेली की मांजर ताटलीकडे पाहून निघून जातं.

इथे एक गोष्ट थोडी थांबून सांगायला हवी, कारण घरात तीच सगळ्यांत जास्त चुकते. मांजर ताटलीपाशी येतं, वास घेतं, जीभ ओठांवरून फिरवतं, एक-दोनदा गिळल्यासारखं करतं आणि तोंड फिरवतं. आपण म्हणतो, नखरे. कालचंच खाणं आज का नको, म्हणून रागावतो. हे नखरे नव्हेत, ही मळमळ आहे. भूक आहे म्हणून ते आलं, आणि ढवळतंय म्हणून परत गेलं. अशा मांजरापुढे पाच प्रकारची पाकिटं फोडून उपयोग नसतो. त्याला उलटी थांबवणारं औषध लागतं, आणि ते पशुवैद्याकडे आहे. जबरदस्तीने तोंडात कोंबलं तर त्या अन्नाची शिसारी बसू शकते. ‘केसांचा गोळा ओकलं असेल’ हेही तसंच. अधूनमधून केस ओकणं समजू शकतं. दर आठवड्याला ओकणारं मधुमेही मांजर बहुधा केसांनी आजारी नसतं, आतड्याने किंवा स्वादुपिंडाने आजारी असतं.

आता दहीभात. त्याच्या बाजूने बोलणारे म्हणतात, मांजराने तो कधी नाकारला नाही, आवडीने खातं. खात असेल, दह्याच्या स्निग्धपणासाठी खात असेल. गोडाची चव तर त्याला कळतच नाही. ती ओळखणारं जनुक मांजरांत निकामी झालेलं आहे, हे फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी २००५ साली दाखवलं. पण माझा आक्षेप मांजराला भात पचत नाही असा नाही. इंटरनेटवरचे कडवे मांसवादी तसं म्हणतात आणि ते अतिशयोक्ती करतात. मांजराच्या लाळेत पिष्ट फोडणारं विकर नसतं आणि स्वादुपिंडातलं कुत्र्याच्या मानाने फारच कमी असतं, तरीही मऊ शिजवलेला भात बऱ्यापैकी पचतो. अडचण त्याच्या पुढे आहे. पचला म्हणजे त्याची साखर झाली, आणि ती साखर झटपट उचलून घेणारं ग्लुकोकायनेज नावाचं विकर मांजराच्या यकृतात नगण्य असतं. रानात, वाऱ्यावर वाढणाऱ्या मांजरांच्या आहाराचा हिशेब २०११ मध्ये मांडला गेला, तेव्हा त्यांच्या ऊर्जेतला सुमारे ५२ टक्के भाग प्रथिनांतून, ४६ टक्के स्निग्धांतून आणि जेमतेम २ टक्के पिष्टातून येतो असं दिसलं. दहीभाताच्या वाटीत हे प्रमाण उलटंपालटं होतं. ज्या प्राण्याचं इन्सुलिन आधीच अपुरं पडलंय, त्याला आपण जुलाबावर उपाय म्हणून साखर देतो, मग ग्लुकोमीटरवर चारशे दिसले की डॉक्टरांना फोन करून विचारतो, डोस वाढवू का.

दह्याबद्दल एवढंच, की बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही. दह्यात ती दुधापेक्षा कमी असते, म्हणून चमचाभर दह्याने काही होत नाही. वाटीभराने जुलाब वाढू शकतात. जुलाबासाठी जिवाणूंची मदत घ्यायची तर प्राण्यांसाठी बनवलेली पावडर मिळते.

‘आमच्या गावाला मांजरं दूधभाकरीवरच जगली की!’ हे वाक्य या वादात कोणीतरी टाकतंच, आणि टाकणाऱ्याला वाटतं आता विषय संपला. गावातली मांजरं दूधभाकरीवर जगली नाहीत. ती कणगीतल्या उंदरांवर, पाली-सरड्यांवर, चिमण्यांवर, कोकणात मासळी साफ करताना फेकलेल्या डोक्यांवर जगली, आणि मागीलदारी मिळणारी दूधभाकरी हे त्यांचं वरचं खाणं होतं. शिवाय त्यांतली किती म्हातारी झाली? मांजराचा मधुमेह हा बहुधा मध्यम वयाच्या किंवा म्हाताऱ्या, नसबंदी झालेल्या, लठ्ठ, घरात बसून असलेल्या मांजराचा आजार आहे, आणि बोक्यांत तो जास्त दिसतो. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये खिडकीच्या जाळीतून कबुतरं बघत दिवस काढणाऱ्या बोक्याची तुलना रात्रभर शेतात हिंडणाऱ्या मांजराशी करून काहीच सिद्ध होत नाही. (नसबंदी करू नका असं मी म्हणत नाही. ताटली मोजून भरा, एवढंच.)

तंतूंचा मुद्दा मी जरा गांभीर्याने घेतो, कारण त्यामागे नुसती ऐकीव गोष्ट नाही. एकेकाळी पशुवैद्यही मधुमेही मांजराला तंतू जास्त असलेला आहार सांगत. कॅलिफोर्नियातल्या रिचर्ड नेल्सन आणि सहकाऱ्यांनी २००० साली न विरघळणारे तंतू वाढवून पाहिले, तेव्हा मांजरांची साखर थोडी सुधारल्याचं त्यांना आढळलं. नाचणीवाल्या गृहस्थांना हे माहीत असतं तर त्यांनी ते नक्की पुढे केलं असतं. पण गोष्ट तिथे संपली नाही. २००६ मध्ये ६३ मधुमेही मांजरांवर एक अभ्यास झाला. काहींना पिष्ट कमी आणि तंतूही कमी असलेलं डबाबंद खाणं दिलं, काहींना मध्यम पिष्टाचं आणि जास्त तंतूंचं. चार महिन्यांनी पहिल्या गटातल्या ६८ टक्के मांजरांचं इन्सुलिन सुटलं होतं, दुसऱ्या गटातल्या ४१ टक्क्यांचं. म्हणजे तंतूंनी कोणाला मारलं नाही, पण पिष्ट कमी करणं त्यांच्यापेक्षा सरस ठरलं. आणि नाचणीची पेज ही तंतूंची नव्हे, पिष्टाची पेज आहे; नाचणीत तंतू किती आणि पिष्ट किती, हे पाकिटावर वाचून घ्यावं. मेथ्या आणि कारल्याचा रस मांजराच्या तोंडात घालणाऱ्यांशी वाद घालायची माझी इच्छा नाही. कुठल्याही मांजराचा त्यावरचा अभिप्राय त्यांनी स्वतःच्या मनगटावर पाहिला असेलच.

या सगळ्या सल्ल्यांच्या तळाशी एकच गैरसमज आहे: पोट वेगळं, शुगर वेगळी. जुलाबावर एक उपाय करायचा, मधुमेहावर दुसरा. मांजराच्या पोटाची रचनाच हा समज खोटा पाडते. त्याची स्वादुपिंडाची नलिका आणि पित्ताची नलिका लहान आतड्यात शिरण्याआधी एकत्र येतात. त्यामुळे आतडं, यकृत आणि स्वादुपिंड या तिघांचा दाह पुष्कळदा एकाच मांजरात सापडतो. पशुवैद्य त्याला ट्रायडायटिस म्हणतात. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी स्वादुपिंडातच राहतात. स्वादुपिंड सुजलं की भूक जाते, ओकाऱ्या होतात, आणि त्याच वेळी साखर वेडीवाकडी होते. काल डोस बरोबर होता, आज तोच डोस पुरत नाही, परवा तोच जास्त होतो. अशा वेळी डोसशी खेळत बसणारे मालक मी पाहिले आहेत. साखरेच्या वहीत रोज चार नोंदी, पण मांजराने शी कधी केली, कशी केली, याची एकही नाही. मधुमेही मांजराच्या वहीत शीसाठी एक रकाना हवा. गमतीने म्हणत नाही.

जुलाब आणि वजन घटणं मधुमेहामुळे असेलच असंही नाही. म्हाताऱ्या मांजराला थायरॉइड वाढला तरी ते खूप खातं आणि वाळतं, हगवण लागते; रक्तातला टी-४ तपासला की कळतं. दीर्घकाळ सुजलेल्या स्वादुपिंडाने पाचकरस बनवणंच सोडलं तर शी ढीगभर, फिकट, तेलकट होते. त्यावर पाचक विकरांची पावडर खाण्यात मिसळून देतात आणि फरक लवकर दिसतो. बी-१२ चं शोषण करायला लागणारा घटक मांजरांत स्वादुपिंडातूनच येतो. म्हणून पोटाचा जुना आजार असलेल्या मांजरात बी-१२ खाली गेलेलं असतं, आणि ते भरून काढेपर्यंत भूकही परतत नाही, जुलाबही पूर्ण थांबत नाहीत. बी-१२ ची इंजेक्शनं महाग नाहीत. ज्या मांजरावर पाच प्रकारचे आहार करून झाले त्याचं बी-१२ एकदाही तपासलेलं नसतं, हे चित्र फार दिसतं. आणि डोस वाढवत नेला तरी साखर उतरत नसेल, मांजर अधाशासारखं खात असेल, जबडा-पंजे रुंद होत असतील, तर आहाराला दोष देऊ नका. ब्रिटनमध्ये हजाराहून जास्त मधुमेही मांजरं तपासली तेव्हा साधारण चारांतल्या एकात वाढीचं संप्रेरक जास्त असल्याची चिन्हं दिसली. तिथे कुठलंच पथ्य पुरं पडत नाही.

पोटाच्या आजारावरच्या एका औषधाबद्दल मला जास्त बोलायचं आहे, ते म्हणजे स्टेरॉइड. आतड्याच्या दाहावर प्रेडनिसोलोन काम करतं, यात शंका नाही. पण स्टेरॉइड साखर वाढवतं, आणि काठावरच्या मांजराला मधुमेही करून सोडतं. ‘एक इंजेक्शन मारू, महिनाभर बघायला नको’ ही लांब पल्ल्याची सुई मधुमेही मांजराला देणं म्हणजे नंतर काढून घेता न येणारी गोष्ट आत सोडणं. गोळी निदान थांबवता येते. ब्युडेसोनाइडसारखं, मुख्यतः आतड्यातच काम करणारं औषध वापरता येतं का, हे डॉक्टरांना विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. ते नाही म्हणाले तर का, हेही विचारा. त्वचेची खाज, दमा, हिरड्यांची सूज, अशा कुठल्याही निमित्ताने दुसऱ्या दवाखान्यात गेलात तर पहिलं वाक्य ‘मांजर मधुमेही आहे’ हेच असू द्या.

बद्धकोष्ठाची बाजू लोक विसरतात. शुगर जास्त असलेलं मांजर भडाभडा लघवी करतं, शरीर कोरडं पडतं, मग आतडं विष्ठेतलं पाणीही ओढून घेतं. मूठभर लेंड्या आणि लिटरबॉक्समध्ये कुंथणारं मांजर, हे चित्र त्यातून येतं. औषधाच्या दुकानातून लॅक्ट्युलोजची बाटली आणली जाते. ते चालतं, पण त्या सिरपमध्ये इतर साखराही असतात; मधुमेही मांजराला तसल्या साखरा नसलेलं पॉलिइथिलिन ग्लायकॉल डॉक्टरांना विचारून देणं मला जास्त पटतं. खाण्यात चिमूटभर भिजवलेलं इसबगोल काहींना लागू पडतं, काहींना त्याने अधिकच तटतं. या सगळ्याआधीचा उपाय म्हणजे ओलं खाणं, ज्यात तीन चतुर्थांशाहून अधिक पाणीच असतं.

आतापर्यंत मी ज्यांच्याशी भांडलो ते घरगुती सल्लागार होते. दुसऱ्या टोकाला वेगळी मंडळी आहेत, आणि त्यांनाही सोडायचं कारण नाही. त्यांचा मंत्र असा: पिष्ट शून्य, किबल (कोरडं दाणेदार खाणं) म्हणजे विष, कच्चं मांस म्हणजे निसर्ग, आणि डॉक्टर कंपन्यांना विकले गेलेले. त्यांची अर्धी गोष्ट खरी आहे. कोरड्या खाण्याचा दाणा बनवायलाच पिष्ट लागतं. ‘डायबेटिक’ असं छापलेल्या कोरड्या पिशवीतही चांगल्या ओल्या खाण्यापेक्षा पिष्ट जास्त असू शकतं. पिशवीवरच्या शब्दावर विसंबू नका, मागचा तक्ता वाचा. समजा, प्रथिनं ३२ टक्के, स्निग्ध १०, तंतू ४, पाणी १० आणि राख ८. बेरीज ६४. शंभरातून उरलेले ३६ म्हणजे पिष्ट, आणि तो आकडा पिशवीवर सहसा छापत नाहीत. ऊर्जेच्या हिशेबात प्रथिनं आणि पिष्ट प्रत्येकी साडेतीन कॅलरींनी आणि स्निग्ध साडेआठने गुणले की पिष्टाचा वाटा जवळपास ३९ टक्के निघतो. मधुमेही मांजरासाठी १२ टक्क्यांच्या आत ठेवा, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय मांजरवैद्यक संस्थेच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेत आहे. कुठे १२, कुठे ३९.

पण त्यांची दुसरी अर्धी गोष्ट धोक्याची आहे. कच्च्या मांसात साल्मोनेला असू शकतो; आधीच सुजलेल्या आतड्याला आणि स्टेरॉइडवर असलेल्या मांजराला तो झेपत नाही, आणि घरातल्या लहान मुलांनाही नाही. नुसतं उकडलेलं चिकन रोज घालत राहिलं तर कॅल्शियम अपुरं पडतं. चिकन उकडलेलं पाणी ओतून दिलं तर टॉरिनही वाहून जातं. टॉरिनच्या कमतरतेने मांजराचं हृदय फुगतं, हे १९८७ पासून माहीत आहे. कलेजी रोज देणाऱ्याच्या मांजरात अ जीवनसत्त्व साठून हाडं ताठर होतात. कांदा-लसणाचा सूप क्यूब टाकला तर रक्तपेशी फुटतात. घरचं खाणं वाईट नाही. मोजमाप न केलेलं घरचं खाणं वाईट आहे.

खरा पेच पडतो तो पोटाचं पथ्य आणि मधुमेहाचं पथ्य एकमेकांविरुद्ध उभी राहिल्यावर. आतड्याचा दाह असलेल्या मांजराला प्रथिनांचे बारीक तुकडे केलेलं खास खाणं लागू पडतं, पण त्यातलं बरंचसं कोरडं आणि पिष्टाने भरलेलं असतं. मूत्रपिंड थकलं असेल तर फॉस्फरस कमी असलेलं खाणं हवं, तेही पिष्ट जास्त असलेलंच निघतं. शुद्धतावादी म्हणतात, काही झालं तरी पिष्ट नको. मी म्हणतो, अशा वेळी पोटाचं ऐका. जे खाऊन मांजर ओकत नाही, पातळ हगत नाही आणि ताटली चाटून पुसून ठेवतं, ते खाणं त्याच्यासाठी योग्य. त्यातल्या जास्तीच्या पिष्टाला इन्सुलिनने तोंड देता येतं. डोस वाढवता येतो. न खाणाऱ्या मांजराला कुठल्याच डोसने तोंड देता येत नाही. एखादं बदकाचं किंवा सशाचं ओलं पाऊच पचलं तर दोन्ही पथ्यं एकदम साधतात, म्हणून आधी तो प्रयत्न जरूर करा. नाही जमला तर हट्ट सोडा.

उलट दिशेचा धोकाही आहे. किबलवरून ओल्या, पिष्ट कमी असलेल्या खाण्यावर आणलं की इन्सुलिनची गरज झपाट्याने खाली येऊ शकते, काही दिवसांत. डोस तोच ठेवला तर मांजर लडखडतं, नजर शून्यात जाते, फिट येते. म्हणून हा बदल डॉक्टरांना सांगून, कानाच्या कडेतून थेंबभर रक्त घेऊन घरी साखर मोजत करायचा. दवाखान्यातल्या एका आकड्यावर जाऊ नका: रिक्षात, पिंजऱ्यात, कुत्र्यांच्या भुंकण्यात बसलेल्या निरोगी मांजराचीही साखर तीनशेच्या घरात जाते. फ्रुक्टोसामिनची तपासणी मागच्या दोन-तीन आठवड्यांचं खरं बोलते. आणि इन्सुलिन भारतात मुख्यतः दोन ताकदींत मिळतं. लाल टोपीची सिरिंज ४० युनिटच्या इन्सुलिनसाठी, केशरी टोपीची १०० युनिटच्या. ग्लार्जिन हे इन्सुलिन सहसा १०० युनिटचं असतं. ते लाल टोपीच्या सिरिंजने भरलं तर अडीचपट डोस जातो. हे औषधाच्या दुकानातला मुलगा सांगेलच असं नाही.

तोंडावाटे द्यायच्या औषधाची आशा सगळ्यांना असते. अमेरिकेत मांजरांसाठी बेक्साग्लिफ्लोझिनला २०२२ मध्ये आणि व्हेलाग्लिफ्लोझिनला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. सुईची गरज नाही म्हणून ही मोठी सोय आहे. पण पातळ शी हा त्यांचा नेहमीचा दुष्परिणाम, आणि त्याहून वाईट म्हणजे साखर साधारण दिसत असतानाही कीटोन वाढू शकतात. स्वादुपिंड सुजलेल्या, न जेवणाऱ्या किंवा आधी इन्सुलिनवर असलेल्या मांजरासाठी ती नाहीत. म्हणजे ज्या मांजराबद्दल हा लेख आहे, त्याच्यासाठी नाहीतच. घरातल्या आजोबांची अर्धी मेटफॉर्मिन देऊन पाहणाऱ्यांनी एवढं ऐकावं: ती मांजरांत कामाची ठरलेली नाही, ओकाऱ्या आणि भूक मरणं मात्र आढळलं आहे.

शाकाहारी घरांबद्दल बोलल्याशिवाय हा वाद अपुरा राहील. सोवळ्याच्या स्वयंपाकघरात चिकन शिजवायचं नसेल तर शिजवू नका. ओलं पाऊच बाल्कनीत फोडता येतं, वेगळी ताटली वेगळ्या साबणाने धुता येते. तुमची अडचण मी समजतो. तिची किंमत मांजराने पनीर आणि वरणभात खाऊन चुकवावी, हे मात्र मला मान्य नाही. आर्जिनिन हे अमिनो आम्ल नसलेलं एक जेवणही मांजराच्या रक्तात अमोनिया चढवायला पुरतं. गाजरातलं कॅरोटिन त्याला अ जीवनसत्त्वात बदलता येत नाही. ज्याला मांस देणं मनाला पटत नाही त्याने ससा पाळावा.

एक शेवटचा आक्षेप उरतो, आणि त्यापायी पुष्कळ मांजरं दगावतात: इन्सुलिन सुरू केलं की सवय लागते, म्हणून आधी पथ्यावर बघू. मांजराच्या बाबतीत नेमकं उलट आहे. कर्स्टन रूम्प आणि जॅकी रँड यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५५ मांजरांवर ग्लार्जिन, पिष्ट कमी असलेलं ओलं खाणं आणि घरच्या घरी बारीक मोजमाप असा कार्यक्रम राबवला होता. त्यांतल्या ६४ टक्के मांजरांचं इन्सुलिन सुटलं. निदान झाल्यावर सहा महिन्यांच्या आत हा कार्यक्रम सुरू झालेल्यांत हे प्रमाण ८४ टक्के होतं. उशिरा सुरू झालेल्यांत ३५. प्रत्येक घराला तितकं मोजमाप जमणार नाही, आणि तितकं यशही येणार नाही. पण ‘आधी बघू’ म्हणत घालवलेल्या प्रत्येक महिन्यागणिक ही शक्यता घटते.

तुमचं मधुमेही मांजर आज जेवलं नसेल तर शेजारी विचारू नका, इथे तिथे वाचू नका, भात शिजवू नका. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कीटोनच्या पट्टीने लघवी तपासा आणि पशुवैद्याला फोन करा. न जेवलेल्या दिवशी इन्सुलिन किती द्यायचं हे त्याच फोनवर विचारा, आणि पुढच्या वेळेसाठी लिहून फ्रिजवर लावा. चोवीस तास पोटात काही गेलं नसेल, किंवा ओकाऱ्याही होत असतील, तर फोनवर थांबू नका, मांजराला घेऊन दवाखान्यात जा.